पायथनचं रस्ट केलं, वाचले १४ सेकंद. कुठे चुकतोय?

खुडबुड्या

मंडळी, आधी माझी मतं सांगून टाकतो, म्हणजे मला कुठून झोडायचं ते ठरवायला सोपं जाईल.

पायथन ही भाषा कच्चा आराखडा करायला झकास, पण शेवटी खेळणं. खरं काम सीमध्ये नाहीतर रस्टमध्ये. जावास्क्रिप्टला 'नल'चा (म्हणजे 'काहीच नाही' या मूल्याचा) प्रकार विचारला की ती 'ऑब्जेक्ट' सांगते. १९९५ पासून सांगतेय, आणि आता दुरुस्त केलं तर जुनी संकेतस्थळं मोडतील म्हणून कुणी हात लावत नाही. असल्या भाषेशी माझं जमत नाही. कीबोर्ड आवाज करणाराच हवा. लॅपटॉप २०११ सालचा थिंकपॅड एक्स२२०, सात ओळींच्या कीबोर्डचा. पुढच्याच वर्षी एक्स२३० आला आणि त्यात एक ओळ कापली. मी त्या दिवसापासून नवीन लॅपटॉपांकडे बघणं सोडलंय.

आता दुखणं. २००४ पासून मी रोजच्या नोंदी लिहितो. साध्या टेक्स्ट फायली, मराठीत, एका नोंदीला एक फाइल. आज त्या ४०,००० च्या आसपास आहेत, सगळ्या एकाच फोल्डरमध्ये, बाहेरून जोडलेल्या ५४०० आरपीएमच्या हार्ड डिस्कवर. लिनक्स, एक्स्ट४ फाइलप्रणाली. शोधण्यासाठी पायथनमध्ये चाळीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला होता: फाइल उघड, शब्द आहे का बघ, असला तर नाव छाप, पुढची उघड. सकाळचा पहिला शोध घ्यायला दहा मिनिटं. (त्यानंतर लगेच दुसरा शब्द शोधला तर वीसेक सेकंदांत होतं. का ते देव जाणे. पण मला बहुतेकदा दिवसातून एकच शब्द शोधायचा असतो.)

पायथन मंद असते हे जगजाहीर. म्हणून दोन महिने रात्री जागून तोच प्रोग्राम रस्टमध्ये लिहिला. पहिले तीन आठवडे बॉरो चेकरशी (कुठली गोष्ट कुणाच्या मालकीची ते तपासणारा रस्टचा पहारेकरी) नुसती हुज्जत. 'ही स्ट्रिंग तू आधीच देऊन टाकलीस, आता तुझी नाही' हे वाक्य मला झोपेत ऐकू यायला लागलं होतं. अखेर चालला. पायथनला ९ मिनिटं ५२ सेकंद लागत होते, रस्टला ९ मिनिटं ३८ सेकंद.

चार थ्रेड लावून पाहिले, म्हणजे एकाच वेळी चौघे शोधणारे. ११ मिनिटं! वाढलं!

जाता जाता आणखी एक तक्रार. 'दुसऱ्या' हा शब्द शोधला की काही नोंदी सापडतच नाहीत. फाइल उघडून बघतो तर शब्द डोळ्यांसमोर असतो. दोन्ही भाषांत तेच.

आता काय करू? सीमध्ये लिहू? की हट्ट सोडून नवीन मशीन घेऊ, ते एनपीयू (एआयची चिप) वगैरे असलेलं?

---

बिनतारी

केबल बघा आधी. यूएसबीच्या केबली दिसायला सारख्या असतात, आत जमीन-अस्मानाचा फरक. २.० ची असेल तर सेकंदाला ४८० मेगाबिट, आणि तेही कागदावर. प्रत्यक्षात ३०-४० मेगाबाइट मिळाले तर नशीब. माझ्याकडे एक टाइप-सीची केबल होती, तिच्यावर मी सहा महिने डिस्क चालवली आणि डिस्कला शिव्या घातल्या. निघाली फोन चार्ज करायची.

---

शून्यापासून

एसएसडी घ्या आणि विषय संपवा. फिरत्या तबकडीवर कसले प्रयोग करताय राव.

आणि रस्टच्या वाटेला कशाला गेलात? गो घ्यायची होती. अख्ख्या भाषेत राखीव शब्द २५. एका रविवारी शिकून होते. रस्ट म्हणजे चहा करायला रसायनशास्त्राची पदवी मागणारी भाषा.

---

अर्धविराम

खुडबुड्या, कुठलाही निकाल लावायच्या आधी एक करा. लॅपटॉप बंद करून चालू करा आणि दोन्ही प्रोग्राम 'टाइम' ही आज्ञा लावून चालवा. प्रत्येकाच्या आधी रीस्टार्ट. शेवटी तीन आकडे येतात: रिअल (घड्याळातला वेळ), युजर (प्रोसेसरने प्रोग्रामसाठी दिलेला), सिस (त्याच्यासाठी लिनक्सने खर्चलेला). तिन्ही इथे टाका, मग बोलू.

---

खुडबुड्या

घ्या.

पायथन: रिअल ९ मिनिटं ५२ सेकंद, युजर १४ सेकंद, सिस ९ सेकंद.
रस्ट: रिअल ९ मिनिटं ३८ सेकंद, युजर १ सेकंद, सिस ८ सेकंद.

बिनतारी, या मॉडेलला पोर्टच सगळे २.० चे आहेत, केबल सोन्याची आणली तरी तेच.

---

अर्धविराम

बसा आता, जरा लांबण लागेल.

पायथनचे आकडे बघा. घड्याळात ५९२ सेकंद गेले. त्यातले प्रोसेसरने काम केलेले किती? १४ आणि ९, म्हणजे २३. उरलेले ५६९ सेकंद तुमचा प्रोसेसर हाताची घडी घालून बसलेला होता. रस्टने काय केलं? त्या १४ चा १ केला. तिने तिचं काम चोख केलं हो. चौदापट वेग ही काही चेष्टा नाही. पण तुम्ही तिला कामच १४ सेकंदांचं दिलंत. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं होतं: एखादा भाग कितीही वेगवान केला तरी एकूण फायदा त्या भागाच्या वाट्यापलीकडे जात नाही. तुम्ही देवाला प्रसन्न करून शून्य वेळ घेणारी भाषा मिळवली असती तरी साडेनऊ मिनिटं लागलीच असती.

आता ते ५६९ सेकंद कुठे गेले बघू. ५४०० आरपीएम म्हणजे तबकडीचा एक फेरा सुमारे ११ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी तो हात योग्य वर्तुळावर न्यायचा, त्याचे ९-१० धरा. झाले एका फाइलमागे १५ मिलिसेकंद. गुणिले ४०,०००. सहाशे सेकंद! दहा मिनिटं! तुमचा आकडा कागद-पेन्सिलीने निघतो, प्रोग्राम न बघता.

केबलचाही हिशोब करून टाकू. एक नोंद सरासरी ६ केबी धरली तर सगळं मिळून २४० एमबी. यूएसबी २.० वरून सलग ओढलं तरी सात-आठ सेकंदांचं काम. तेव्हा बिनतारी, तुमचा मुद्दा एरवी खरा, पण इथे चोर तो नाही. तुमच्याकडे माल कमी आणि हेलपाटे जास्त आहेत.

संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर व्याख्यानांत तारेचे तुकडे वाटायच्या, साधारण ३० सेंटिमीटरचे. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त तेवढी धावते. त्याच मापाने तुमच्या डिस्कच्या एका हेलपाट्याची, १५ मिलिसेकंदांची तार कापायची तर ती ४,५०० किलोमीटर भरेल. एका फाइलला एक भेंडोळं. रस्टमध्ये लिहून तुम्ही त्यातले शंभरेक किलोमीटर वाचवलेत.

थ्रेडचं उत्तरही यातच आहे. डिस्कच्या पात्यांवरचे सगळे हात एकाच दांड्याला जोडलेले असतात आणि एकत्रच हलतात. चौघांनी चार दिशांना ओढलं की तो नुसता इकडून तिकडे पळतो. आणि दुसरा शोध वीस सेकंदांत का होतो? लिनक्स एकदा वाचलेल्या फायली मोकळ्या रॅममध्ये ठेवून देते, पेज कॅशे म्हणतात तिला. दुसऱ्या वेळी डिस्कला कुणी विचारतच नाही. म्हणजे पायथनचा खरा वेग तुम्ही रोज बघत होतात, फक्त त्याचं श्रेय देवाला देत होतात.

उपाय एक, आजच करा. एक्स्ट४ फोल्डरातल्या फायलींची यादी देते ती नावांच्या हॅशच्या क्रमाने, डिस्कवरच्या क्रमाने नाही. म्हणजे तुम्ही एक फाइल या टोकाची, पुढची त्या टोकाची अशी मागताय. यादी आधी आयनोड क्रमांकाने (फाइलप्रणाली प्रत्येक फाइलला देते तो क्रमांक) लावून घ्या. पायथनमध्ये दोन ओळी. आयनोड जवळ तर बहुतेकदा फाइलही जवळ.

उपाय दोन, खरा. ४०,००० फायली हा प्रकारच बंद करा आणि एसक्यूलाइटमध्ये टाका. २००० सालापासून आहे, एक फाइल म्हणजे अख्खा डेटाबेस, तुमच्या फोनमध्ये या क्षणी तीच चालू आहे. तिच्यात एफटीएस५ नावाची शोधयंत्रणा आहे, पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखी. शब्द द्या, पानं घ्या. नोंदी चाळायच्याच नाहीत.

आता भाषांबद्दल, कारण तुम्ही मुद्दाम डिवचलंय. पायथनचं मूळ रूप सीमध्ये लिहिलेलं आहे. फाइल उघडणं, वाचणं, तिच्यात शब्दाचा तुकडा शोधणं ही तुमची तिन्ही कामं आत सीच करत होती. पायथन फक्त मुकादम. मुकादम मंद असला तरी तो दर फाइलीला एकदाच बोलतो. पायथन मार खाते ती जिथे मुकादमालाच फावडं घ्यायला लावता तिथे: एकेका अक्षरावर, एकेका आकड्यावर लाखो वेळा फिरणारा लूप.

आणि रस्ट वेगासाठी घ्यायची असते हा समज मला फार खटकतो. वेग सीकडेही आहे. रस्ट घ्यायची ती अशासाठी, की मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणं, दोन थ्रेडांनी एकाच वेळी एकाच जागी लिहिणं असल्या चुका ती कंपाइल होतानाच पकडते, आणि तेही गार्बेज कलेक्टर (प्रोग्राम चालू असताना नको झालेली मेमरी गोळा करणारा) न ठेवता. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडे दुरुस्त होणाऱ्या सुरक्षा-त्रुटींपैकी ७० टक्क्यांच्या आसपास मेमरीच्या गोंधळातून येतात. म्हणून तर लिनक्सच्या कर्नेलने, म्हणजे गाभ्याने, ६.१ आवृत्तीत, डिसेंबर २०२२ मध्ये, रस्टला दार उघडलं. आपल्याच नोंदी आपल्याच डिस्कवर शोधणाऱ्या माणसावर हल्ला करायला कोण येतंय?

शून्यापासून, एसएसडी घेतली तर हे अर्ध्या मिनिटाच्या आसपास येईल हे कबूल. घ्यावीच. पण आजार न कळता औषध लागू पडलं की माणूस पुढच्या वेळीही आधी दुकानात जातो.

'दुसऱ्या'चं उद्या लिहितो. ते प्रकरण जास्त मजेदार आहे.

---

शून्यापासून

आयनोडचं माहीत नव्हतं, मान्य. चाळीस हजारांच्या गुणाकारानंतर माझी बोलती बंद. गोचं मत मात्र कायम.

---

अर्धविराम

'दुसऱ्या'.

तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत) त्यासाठी वेगळं अक्षर आहे, ०९३१ क्रमांकाचं ऱ. त्याला हलन्त लावा, पुढे य द्या. दोन, साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक (झेडडब्ल्यूजे), मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. आत बाइट वेगळे. तुमचा प्रोग्राम बाइट जुळवतो, डोळे नाहीत. वेगवेगळ्या काळात वेगवेगळे कीबोर्ड वापरले असणार तुम्ही, त्यानुसार नोंदींत दोन्ही पडलेत.

इथे बरेच जण सांगतील की युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) करा, एनएफसी. करा, पण पुरणार नाही. 'र अधिक नुक्ता' असेल तर एनएफसी त्याचा ऱ करते. झेडडब्ल्यूजेवाल्या रूपाला ती हात लावत नाही. ती अदलाबदल स्वतःच एका ओळीत करायची: र-हलन्त-जोडक दिसलं की ऱ-हलन्त ठेवा. नोंदी साठवताना आणि शोधशब्द घेतानाही.

देवनागरीला प्रोग्राम काय समजतात ते बघायचं असेल तर 'क्षितिज' घ्या. आपल्याला अक्षरं तीन: क्षि, ति, ज. पायथनला लांबी विचारा, ७ सांगेल, कारण ती क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज असं मोजते. जावास्क्रिप्टही ७. रस्ट आणि गोला सरळ लांबी विचारली तर २१, कारण त्या यूटीएफ-८ चे (युनिकोड साठवायची पद्धत) बाइट मोजतात आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. आपलं तीन हे उत्तर युनिकोडच्या स्वतःच्या नियमांतही आलं ते २०२३ च्या १५.१ आवृत्तीत. तोवर क् वेगळा आणि षि वेगळं धरून ४ भरायचे.

पायथनमध्ये हा शब्द उलटा करून बघा. मिळतं 'जितिष्क'. ऐकायला एखाद्या ऋषीचं नाव वाटतं. माझ्या एका जुन्या प्रोग्रामने असे शेकडो ऋषी जन्माला घातले होते.

आणि एसक्यूलाइटकडे जाताना एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. एफटीएस५ चा नेहमीचा शब्दतोड्या अक्षरं आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही युनिकोडच्या लेखी 'मार्क', म्हणून तिथे तो शब्द तोडतो. 'काम'चे होतात क आणि म. मग 'काम' शोधलं की 'किमी', 'कोमा', 'कुमार' सगळे हजर, कारण त्या सगळ्यांत क च्या पाठोपाठ म आहे. टेबल बनवताना युनिकोड६१ ला (हे त्या शब्दतोड्याचं नाव) 'कॅटेगरीज' हा पर्याय द्यावा लागतो आणि त्यात मूळच्या वर्गांबरोबर एमएन आणि एमसी हे मार्कचे दोन वर्ग घालावे लागतात. आधी घाला. नंतर आठवलं तर सूची पुन्हा बांधावी लागते.

शेवटचं: सूची अख्खा शब्द शोधते. 'पाणी' दिलंत तर 'पाण्यात' मिळणार नाही. 'पाण' आणि पुढे तारा चिन्ह द्या. मराठीत विभक्ती लागली की शब्द आपला चेहरा बदलतो, त्याला माझ्याकडे याहून शहाणा इलाज नाही.

---

बिनतारी

जितिष्क. मी हे नाव घेतोय, वायफायला.

---

खुडबुड्या

आठवड्याने परत आलोय, आकडे घेऊन.

आयनोडने यादी लावली. पायथन, तोच जुना प्रोग्राम, दोन ओळी जास्त, रीस्टार्ट करून: १ मिनिट ४६ सेकंद. खुर्चीवर बसून दोनदा चालवलं, कारण विश्वास बसेना. दोन महिने एकीकडे आणि या दोन ओळी दुसरीकडे.

मग शनिवारी एसक्यूलाइट. नोंदी आत ओतायला एकदाच काय वेळ गेला तो गेला. आता शोध एंटर दाबला की पुढ्यात. आधी मला वाटलं प्रोग्राम काही न करताच संपतोय. तो खड्डा सांगूनही मी पडलोच बरं का. 'कॅटेगरीज' दिलं, पण एमएन-एमसी लिहिताना मूळचे वर्ग लिहायचे राहिले. मग सूचीत फक्त काने-मात्रा उरल्या, अक्षर एकही नाही. तासभर डोकं खाजवलं.

'दुसऱ्या' सगळा जुळला. जोडकवाली रूपं २१२ नोंदींत निघाली, सगळ्या २००९ च्या आतल्या. तेव्हा मी दुसराच कीबोर्ड लेआउट वापरायचो, विसरूनही गेलो होतो. त्यातली एक नोंद याच लॅपटॉपच्या आधीच्या लॅपटॉपबद्दल आहे. 'फार मंद चालतो, बहुतेक भाषा बदलून बघावी' असं लिहिलंय. तेव्हा मी सी++ मधून काहीतरी दुसरीकडे न्यायच्या विचारात होतो वाटतं.

पायथनला खेळणं म्हटलं ते मागे घेतो. जावास्क्रिप्टबद्दलचं नाही.

---

अर्धविराम

छान झालं. आणि त्या रस्टच्या प्रोग्रामचं काय केलंत?

---

खुडबुड्या

ठेवलाय. झेडडब्ल्यूजेची सफाई आता तोच करतो, एकेका चिन्हावर फिरून. तिथे मुकादमाला फावडं लागत होतं. बॉरो चेकरशी आता बोलणं होतं आमचं.

केबलही बदलली. काहीच फरक पडला नाही.